दृष्टिपटलावरील पूर्वसूचना

कंपवाताचे, म्हणजेच पार्किन्सन्स विकाराचे, सविस्तर वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. त्याला दोन शतके उलटली, तरी निदानाची मुख्य भिस्त आजही लक्षणांवरच आहे. हात थरथरू लागतो, हालचाली मंदावतात, तेव्हा रोग ओळखला जातो. पण तोवर मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा नष्ट झालेला असतो. रोगाची चाहूल आधीच लागावी, म्हणून संशोधकांचे लक्ष आता डोळ्याकडे वळले आहे.

यामागे शास्त्रीय कारण आहे. दृष्टिपटल हा मेंदूचाच विस्तार असून त्यातही डोपामाइन बनवणाऱ्या पेशी असतात. ‘ओसीटी’ या प्रकाशकिरणांच्या तपासणीने त्याचे थर काही मिनिटांत मोजता येतात. लंडनमधील मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालय व युनिव्हर्सिटी कॉलेज येथील संशोधकांचा अभ्यास २०२३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात कंपवाताच्या रुग्णांच्या दृष्टिपटलाचे आतील थर पातळ झालेले आढळले. ‘यूके बायोबँक’च्या सुमारे ५० हजार स्वयंसेवकांपैकी ५३ जणांना पुढे हा विकार जडला. ज्यांचे थर पातळ होते, त्यांना धोका अधिक होता. तपासणी आणि निदान यांतील अंतर होते सरासरी सात वर्षांचे.

मात्र, याच आकड्यांत सावधगिरीचा इशाराही आहे. रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्यातील फरक सरासरी दोन मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या अल्पांशाइतका. शिवाय काचबिंदू आणि मधुमेहातही हे थर पातळ होतात. मधुमेहींची संख्या प्रचंड असलेल्या भारतात हा घोळ अधिकच वाढेल. समजा, शंभरातील ९५ निरोगी व्यक्तींना अचूक वगळणारी चाचणी हाती आली, तरी ५० हजारांत सुमारे अडीच हजार निरोगी माणसांवर संशयाचा शिक्का बसेल. खरे रुग्ण असतील अवघे ५३.

आणि संशय खरा ठरला तरी पुढे काय? लेव्होडोपासारखी औषधे लक्षणे आटोक्यात ठेवतात. रोगाची वाटचाल निश्चितपणे रोखणारे औषध आज उपलब्ध नाही. त्यामुळे या तंत्राचे तूर्त खरे मोल आहे ते नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी योग्य व्यक्ती वेळीच निवडण्यात. नेत्रतपासणी केंद्रांवर ‘कंपवाताचे निदान’ अशा पाट्या झळकण्यापूर्वी हा फरक समाजाला समजावून सांगणे, ही डॉक्टरांची आणि शासनाचीही जबाबदारी आहे.