दुकानालाही फाईल विकू द्या

मराठी आणि हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या सर्व संगीत कंपन्यांच्या प्रमुखांस,



२०१६च्या फेब्रुवारीअखेर मुंबईत काळा घोड्याचं ‘रिदम हाऊस’ हे रेकॉर्डचं दुकान बंद झालं, तेव्हा वर्तमानपत्रांत बरंच हळहळून लिहिलं गेलं. जुनं सगळं जातंच, काळाच्या पुढे कोणाचं चालत नाही, असा एकूण सूर होता. मला तो तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. काळ बदलला म्हणून ही दुकानं बुडत असती, तर ती फार आधीच बुडाली असती. ७८ आरपीएमच्या तबकड्या गेल्या आणि एलपी आल्या, एलपी गेल्या आणि कॅसेट आल्या, कॅसेटच्या जागी सीडी आल्या. एवढे बदल ही दुकानं पचवत आली. दुकानदाराने फळ्या वर-खाली करून घेतल्या, नवं यंत्र आणलं, जुना माल सवलतीत काढला आणि पुन्हा गल्ल्यावर बसला. हे जमलं, कारण नवा माल तुम्ही प्रत्येक वेळी त्याच्याच दुकानात पाठवत होतात. डाउनलोडच्या वेळी मात्र माल दुकानाकडे आलाच नाही. फाईल विकण्याचा परवाना मोबाईल कंपन्यांना मिळाला, परदेशी आणि देशी ॲपना मिळाला, आणि आयुष्यभर तुमचीच गाणी विकणाऱ्या माणसाला त्यातून वगळलं गेलं.

म्हणून मागणी एकच आहे. जी स्वतंत्र दुकानं अजून रेकॉर्ड आणि सीडी विकत आहेत, त्यांना तुमच्या संग्रहातली ध्वनिमुद्रणं उत्तम दर्जाच्या डिजिटल फाईलच्या रूपात, अधिकृतपणे, काउंटरवरून विकू द्या.

आपण म्हणाल, भारतात डाउनलोड विकून झालं, चाललं नाही. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२मध्ये ‘फ्लाइट’ नावाचं डाउनलोडचं दुकान उघडलं आणि जून २०१३मध्ये बंद केलं. हे खरं आहे. पण ते का बंद झालं, हेही आपल्याला माहीत आहे. चोरीची गाणी फुकट मिळत होती हे एक कारण, आणि पाच-दहा रुपयांची रक्कम ऑनलाइन भरणं हा तेव्हा मोठा खटाटोप होता हे दुसरं. एका गाण्यासाठी कार्डाचा सोळा आकडी क्रमांक टाकायचा, ओटीपीची वाट पाहायची, व्यवहार अडकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची! २०१६ साली यूपीआय आलं. आज कोथिंबिरीची जुडी घेतानाही लोक क्यूआर कोड स्कॅन करतात. डाउनलोडचा प्रयोग पैसे भरण्याची सोय होण्याआधी झाला आणि त्या अपयशावरून कायमचा निकाल लावला गेला.

दुसरं, तो प्रयोग फक्त वेबसाइटवर झाला. त्याच वर्षांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर डाउनलोडचा धंदा जोरात चालला होता, तोही काउंटरवर. मोबाईल रिपेअरिंगच्या टपरीवर पाटी असायची: ‘गाणी भरून मिळतील’. गिऱ्हाईक मेमरी कार्ड काढून द्यायचं, ‘भजनं टाका, नाट्यगीतं टाका, शिंदेशाही टाका’ असं सांगायचं आणि पैसे मोजायचं. सगळा माल चोरीचा होता, त्याचं समर्थन मी करणार नाही. तुमच्या उद्योगानेही पुढे या टपऱ्यांना परवाने देऊन कायद्यात आणायची योजना आखली होती. पण त्या गर्दीचा अर्थ नीट लावला गेला नाही. घरबसल्या फुकट उतरवता येणारी गाणी लोक पैसे देऊन भरून घेत होते, कारण समोर बसलेला माणूस शोधून, निवडून देत होता. ही निवडून देण्याची कला ज्याला त्या टपरीवाल्याहून कितीतरी जास्त येते, त्या रेकॉर्डच्या दुकानदाराला हा धंदा कायदेशीरपणे करायची मुभा मात्र कोणी दिली नाही.

आता तर स्ट्रीमिंग आलं, महिन्याच्या वर्गणीत सगळं जग ऐकायला मिळतं, मग फाईल कोण विकत घेणार? हा आपला सर्वांत भक्कम मुद्दा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

नव्या सिनेमाचं गाणं ऐकणारा फाईल घेणार नाही, हे मान्य. त्याच्यासाठी मी भांडतही नाही. पण ख्याल ऐकणारा, नाट्यसंगीत ऐकणारा, पन्नास-साठच्या दशकातली भावगीतं ऐकणारा जो श्रोता आहे, त्याची ॲपवर काय गत होते ते एकदा स्वतः बसून पाहा. फुकटच्या खात्यावर विलंबित संपून द्रुत सुरू व्हायच्या आत जाहिरात वाजते. गायकाने अर्धा-पाऊण तास चढवत आणलेला यमन तिथेच मोडतो. रागाच्या नावाने शोधलं तर एकाच गायकाची पाच ध्वनिमुद्रणं येतात, सगळ्यांवर तेच छायाचित्र, ‘गोल्डन कलेक्शन’ छापाचं तेच नाव. कोणतं कुठल्या वर्षीचं, कोणतं स्टुडिओतलं, कोणतं मैफलीतलं, काही पत्ता नाही. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, तंबोऱ्यावर बसून मागे कोणी सूर धरलाय, हे पुष्कळदा नसतंच. ज्या तबलजीने तो ठेका धरून मैफल तोलली, त्याचं नाव एलपीच्या कव्हरवर ठसठशीत होतं. फाईलमध्ये ते गळलं.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जानची ध्वनिमुद्रणं झाली, तेव्हा गाणं संपताच कलावंताला आपलं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगावं लागे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कारागिराला कोणत्या तबकडीवर कोणाचं लेबल लावायचं ते कळायला हवं म्हणून ही तजवीज. आवाजाबरोबर नाव गेलं पाहिजे, याची इतकी काळजी या उद्योगाने पहिल्याच दिवसापासून घेतली होती. आज तर नावं साठवायला जागेचीही अडचण नाही. तरी साथीदारांची नावं गळतात, याचं मला खरोखर दुःख होतं.

शिवाय स्ट्रीमिंगवरचं काहीच आपलं नसतं. २०२४ साली रेसो आणि विंक या दोन्ही सेवा आपल्याकडे बंद झाल्या. त्यांवर वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्यांचं काय झालं, ते त्या श्रोत्यांना विचारा. विकत घेतलेली फाईल कंपनीच्या निर्णयावर अवलंबून नसते. ती मुलीच्या लॅपटॉपवर देता येते आणि नेटवर्क नसलेल्या गावी वाजवता येते.

लोक पैसे मोजत नाहीत, हेही आता म्हणता येणार नाही. सारेगामाने २०१७ साली पाच हजार गाणी भरलेला ‘कारवाँ’ बाजारात आणला आणि फुकट संगीताच्या ऐन काळात लोकांनी तो हजारो रुपये देऊन घेतला, आईवडिलांना भेट दिला. निवडलेलं, हाताशी राहणारं संगीत लोकांना हवं आहे, हे त्या कंपनीने सिद्ध करून दाखवलं. फक्त ती निवड एकदाच, एका कचेरीत बसून, सगळ्यांसाठी सारखीच झालेली होती. दुकानदार ती समोरच्या माणसाप्रमाणे करतो. ‘स्वयंवर’ या संगीत नाटकातलं पद हवंय म्हणणाऱ्याला तो आधी विचारतो, ‘कुणी गायलेलं? बालगंधर्वांचं, की पुढच्यांपैकी कुणाचं?’ गिऱ्हाईक घुटमळलं की दोन्ही लावून ऐकवतो. तिसरं घरी न्यायला लावतो, आणि ते तिसरंच त्या माणसाला जन्मभर पुरतं. माझ्यासारख्या कित्येकांचे कान असेच घडले.

हे बाहेर कुठे करून पाहिलंय का, असं विचाराल तर होय. अमेरिकेतल्या मर्ज रेकॉर्ड्ससारख्या छोट्या कंपन्या एलपीच्या कव्हरमध्ये डाउनलोडचं कूपन घालू लागल्या. रेकॉर्ड घरी वाजवा, फाईल फोनवर ऐका, आणि दोन्हीची विक्री दुकानातून. कॅलिफोर्नियातल्या अमीबा म्युझिकने २०१२ साली आणखी मोठी उडी घेतली. बाजारातून गेलेल्या जुन्या तबकड्यांचं स्वतः डिजिटल रूपांतर करून त्या फाईली दुकानाच्याच नावाने विकायला काढल्या, आणि ज्यांचे हक्कदार सापडत नाहीत त्यांचा वाटा बाजूला ठेवायचं धोरण ठरवलं. लंडनच्या रफ ट्रेडने २००७ साली, आयट्यून्सची चलती असताना, ब्रिक लेनजवळ मोठं दुकान उघडलं, त्यात मंच आणि कॉफीची सोय केली. २००८ पासून दरवर्षी, सहसा एप्रिलमध्ये, ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ होतो आणि त्या दिवशीच्या खास रेकॉर्ड फक्त स्वतंत्र दुकानांतच मिळतात. त्या मिळतात, कारण कंपन्या तसं ठरवतात. अमेरिकेत २०२२ साली रेकॉर्डचा खप नगांच्या हिशेबात सीडीच्या वर गेला, १९८७नंतर पहिल्यांदा. त्यात दुकानदारांच्या चिकाटीचा वाटा आहे, तसाच खास रेकॉर्ड दुकानांपुरत्या ठेवणाऱ्या कंपन्यांचाही.

आपल्याकडेही दुकानदाराने चार पावलं पुढे टाकल्याचं उदाहरण आहे. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसने दुकान सांभाळत स्वतःचं लेबल काढलं आणि शास्त्रीय संगीताच्या कॅसेट प्रसिद्ध केल्या. कोणत्या गायकाचं काय निघायला हवं, हे त्या काउंटरला कंपन्यांच्या आधी कळत होतं.

इथे कायद्याबद्दल थोडं बोलणं भाग आहे. आपल्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षारंभापासून साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९६०मध्ये निघालेली तबकडी २०२१ उजाडताच मोकळी झाली. शब्द आणि चाल यांचे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतात. ‘स्वयंवर’चे कर्ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली. त्यामुळे ‘स्वयंवर’च्या पदांच्या तीसच्या दशकातल्या ७८च्या तबकड्यांवर आता कोणाचाच हक्क उरलेला नाही. ज्या दुकानदाराकडे अशी तबकडी चांगल्या अवस्थेत आहे, तो ती स्वच्छ करून, योग्य सुईने वाजवून, तिची फाईल विकू शकतो. तरीही तो कचरतो. कारण अशी जुनी ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर चढवली की यंत्रं आपोआप कुठल्या तरी कंपनीचा दावा ठोकतात, आणि छोट्या दुकानदाराकडे त्याला उत्तर द्यायला वकील नसतो. जे तुमचं उरलेलं नाही त्यावर दावे लावू नका, आणि लागले तर ते चटकन मागे घेणारा एक माणूस नेमा. याला खर्च फारसा येत नाही.

जे तुमचं आहे त्यासाठी परवाना सुटसुटीत करा. दुकानदाराला मोठी आगाऊ रक्कम परवडणार नाही. जेवढं विकलं तेवढ्याचाच हिशेब, महिन्याच्या शेवटी. लहानसं छापील कार्ड काढा: एका बाजूला मूळ कव्हरचं चित्र, दुसऱ्या बाजूला राग, ताल, वर्ष, साथीदारांची नावं आणि एकदाच चालणारा कोड. ते कार्ड दुकानातच मिळावं, आणि त्यातला दुकानदाराचा वाटा सीडीवर मिळायचा त्याहून कमी नसावा. फाईल लॉसलेस द्या. दाबून बारीक केलेली एमपीथ्री देणार असाल, तर लोकांनी पैसे का द्यावेत? आणि ज्या ध्वनिमुद्रणांना मागणी दिसेल, त्यांच्या दोन-तीनशे सीडी किंवा एलपी काढायची तयारी ठेवा. मागणी कशाला आहे, हे तुम्हाला कार्डांच्या विक्रीवरून आयतंच कळेल.

दुकानदारांनाही यात काम आहे. संध्याकाळी दुकानात ऐकण्याच्या बैठका घ्याव्या लागतील, चांगले हेडफोन ठेवून ऐकवावं लागेल, वयस्कर गिऱ्हाइकाच्या फोनवर फाईल कुठे उतरली ते दाखवून द्यावं लागेल. धूळ झटकायची तयारी नसलेल्या दुकानाला कोणताही परवाना वाचवणार नाही. पण ज्यांची तयारी आहे, त्यांच्या हातात आज विकायला फक्त कालचा माल आहे. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या फुटपाथवर आणि चोर बाजारात जुन्या रेकॉर्ड अजून विकल्या जातात, शौकीन तिथे जाऊन घासाघीस करतात. तो धंदा जुन्या मालाच्या फेरविक्रीवर चालतो, आणि कलावंताला किंवा त्याच्या वारसांना त्यातून एक पैसा मिळत नाही. फाईल दुकानातून विकली गेली, तर मिळेल.

सगळा संग्रह एकदम खुला करा, असं मी म्हणत नाही. नाट्यसंगीतापासून सुरुवात करा. पुणे, सांगली, कोल्हापूर, नागपूर आणि मडगाव या ठिकाणी हे संगीत जिवापाड जपणारे लोक आहेत. दिवाळी पहाटेच्या मैफलींना ते काळोखात उठून, नवे कपडे घालून येतात आणि कार्यक्रम संपल्यावर तासभर मंडपाबाहेर त्या पदांबद्दलच बोलत उभे राहतात. तिथे टेबल मांडून बसायला शहरातला दुकानदार आनंदाने येईल. येत्या दिवाळीत त्या टेबलावर तुमची कार्डं हवी असतील, तर परवान्याचा मसुदा आत्ताच हाती घ्यावा लागेल. या पत्राचं उत्तर मला नको. ते तुमच्या यादीतल्या जुन्या दुकानदारांना पाठवा.

कळावे,

आपला,
एक गिऱ्हाईक