डोकं न आपटणारी झोपडी

दारातून आत शिरताना डोकं आपटलं नाही, तेव्हाच मला शंका आली. माझी उंची पावणेसहा फूट. त्यामुळे मावळात काय आणि तळकोकणात काय, ज्या ज्या झोपडीत गेलो तिथे वाकूनच गेलो, आणि वाकायला विसरलो तिथून टेंगूळ घेऊन बाहेर आलो. कर्जतकडच्या एका रिसॉर्टातली ही झोपडी मात्र फारच अदबशीर होती. पाटीवर नाव 'पर्णकुटी ४'. दार सात फुटी. वर गवत, गवताखाली पत्रा, पत्र्याखाली जिप्समचं छत आणि त्यातून गार वारा सोडणारा एसी. भिंतीवर वारली नाच, पण स्टिकरचा. तारपा वाजवणाऱ्याच्या पायापाशी तो सुटून आला होता. दाराशी बांबूचे दोन खांब. सहज टिचकी मारली तर सिमेंटचे निघाले. पेरं ब्रशने रंगवलेली. खाली टवका उडाला होता तिथून गंजकी तार डोकावत होती.

माझा मेहुणा मला ती मुद्दाम दाखवायला घेऊन गेला होता. वेल्ह्याकडे त्याने दोन एकर घेतलेत. तिथल्या बागेत अशाच तीन झोपड्या बांधायच्या आणि शनिवार-रविवार भाड्याने द्यायच्या, असा बेत. "दाजी, तुम्ही लिहिता-बिहिता, सांगा कसं वाटतंय," म्हणाला. समोर मॅनेजर उभा होता आणि आम्ही त्याचाच चहा पीत होतो, त्यामुळे तेव्हा काही बोललो नाही. आता बोलतो.

या झोपड्यांवर नेहमी घेतला जाणारा एक आक्षेप मला मुळीच पटत नाही, तो आधी बाजूला करतो. आक्षेप असा, की ही गरिबीची थट्टा आहे. एकीकडे झोपडीतला माणूस घरकुलाच्या यादीत नाव लागावं म्हणून ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवतो आणि दुसरीकडे शहरातला माणूस त्याच झोपडीत झोपायला पैसे मोजतो. ऐकायला हे झणझणीत लागतं. पण यात झोपडी म्हणजे दारिद्र्य हे आधीच गृहीत धरलंय. सिंधुदुर्गात बऱ्यापैकी जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या बागेतही मांगर असतोच. घाटावर ज्याच्या वाड्यात दोन दुभत्या म्हशी, त्याच्याही ज्वारीत पाखरं हाकायला चार मेढींवरचा माळा असायचा. कामाच्या जागी उभं केलेलं, कामापुरतं छप्पर, ही झोपडीची एक मोठी जात आहे, आणि तिच्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्यांना बारा महिने तिच्यात राहावं लागलं त्यांनी ती सोडून पक्कं घर बांधलं, तेही योग्यच केलं. त्यांनी आमच्या नजरेला बरं वाटावं म्हणून पावसाळाभर गळक्या छपराखाली झोपावं, असं म्हणणारा माणूस मला रिसॉर्टवाल्यापेक्षा जास्त दांभिक वाटतो.

हौसही काही आजची नाही. व्हर्सायच्या बागेत मारी आंत्वानेतसाठी १७८३ पासून एक अख्खं खेडं उभारलं गेलं. गवती छपरं, तळं, गाई, सगळं. भिंती नव्याकोऱ्या होत्या, म्हणून त्यांच्यावर रंगाने खोट्या भेगा काढल्या. सिमेंटच्या खांबावर पेरं रंगवणारा आमचा कर्जतचा कारागीर याच घराण्यातला. इंग्लंडात सध्या मेंढपाळांच्या चाकांवरच्या खोल्यांची अशीच चलती आहे. कोकरं जन्मायच्या हंगामात मेंढपाळाला रात्ररात्र कळपापाशी थांबावं लागे, म्हणून ही पत्र्याची खोली घोडा जुंपून माळावर नेत. आत एक शेगडी आणि हवेसाठी झरोके. थॉमस हार्डीच्या १८७४ च्या कादंबरीत गॅब्रिएल ओक दोन्ही झरोके लावून शेगडीजवळ झोपतो आणि धुराने गुदमरून मरता मरता वाचतो. माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी २०१७ मध्ये २५,००० पौंडांना तशी एक खोली घेतली, बागेत ठेवली आणि आठवणी लिहायला वापरली. त्यात कोणाचं काही बिघडलं नाही. पुस्तक लिहायला एकांत लागतो, आणि घरात मुलं असली की तो चाकांवरच्या पेटीतही गोड लागतो. पण मेंढरू नसलेल्या बागेत त्या चाकांना आता जायचं कुठे?

रिसॉर्टवाल्याची, आणि त्याच्याकडून ऐकून आलेल्या माझ्या मेहुण्याचीही, तीन विधानं आहेत. ही झोपडी निसर्गाला धरून आहे. तिच्यामुळे जुनी कला टिकते. आणि तिच्यात राहिलं की साधेपणाचा अनुभव मिळतो. तिसऱ्याचा निकाल चटकन लावता येतो. साधेपणाचा दाखला म्हणून त्यांच्या माहितीपत्रकात सेवाग्रामच्या बापूकुटीचा फोटो आहे. मी त्या कुटीत गेलोय. मातीच्या भिंतींवर मीराबेननी उठवलेलं ताडाचं झाड आणि चरखा अजून आहे. पण सेवाग्रामला टेलिफोनही होता. सोयी असल्या म्हणून साधेपणा बाटत नाही, हे गांधींना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. तेव्हा एसीवर माझा राग नाही. मे महिन्यात कर्जतला एसी हवाच.

राग आहे तो दाराच्या उंचीवर.

झोपडीचं दार बुटकं का असतं? माणसं बुटकी होती म्हणून नाही. भिंत कुडाची असते. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांना बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायच्या, असा तो कूड. त्याला ऊन चालतं, वारा चालतो, थंडी चालते. पावसाची झड मात्र चालत नाही. आठ दिवसांत लिंपण सुटतं. म्हणून छपराची पाखी भिंतीच्या बरीच पुढे आणि बरीच खाली उतरवायची, डोकीवरचं इरलं खांद्याच्या खाली यावं तशी. पाखी खाली आली की दार बुटकं झालंच. छपराचा उतारही उभा लागतो, कारण गवत पाणी अडवत नाही, ते फक्त पाण्याला वाट दाखवतं. उतार कमी पडला की पाणी रेंगाळतं आणि पेंढी कुजते. आणि चूल आतच, धुराडं नाही. धूर आढ्यापर्यंत चढतो, वाशांना काळं करतो आणि गवतातून झिरपत बाहेर पडतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, ते वाईटच आहे. पण बांबूतल्या पिठावर जगणारा भुंगेरा त्या धुराला टिकत नाही आणि ओल्या गवताला बुरशी धरत नाही.

आता पर्यटकाचं डोकं आपटू नये म्हणून पाखी वर उचला. झड भिंतीवर आली. मग भिंत सिमेंटची करा. वरून झोपडी ठेंगणी-रुंद, फोटोत छान दिसावी म्हणून उतार कमी करा. पाणी रेंगाळलं. मग गवताखाली पत्रा घाला. धूर नको, साहजिक आहे. मग बांबूला भुंगेरा लागला, दोन वर्षांत खांबाखाली पिवळ्या भुकटीचे ढीग दिसायला लागले. मग खांबही सिमेंटचा. पत्र्यावरचं गवत ओलं राहून कुजतं, म्हणून शेवटी प्लास्टिकचं गवत, चौरस फुटाच्या भावाने मिळणारं. कोणीही लबाडी केली नाही. प्रत्येक वेळी एक शहाणी दुरुस्ती झाली, आणि शेवटी हाती आली ती गवताची टोपी घातलेली आरसीसी खोली. हिला निसर्गाला धरून म्हणायचं तर आमच्या सोसायटीच्या जिन्यालाही म्हणता येईल.

(सोसायटीच्या बागेतही गेल्या वर्षी एक 'हट' आली. तिच्यात सध्या माळ्याचा पाइप आणि गणपतीचं जुनं मखर आहे. एवढ्या सगळ्यांत खऱ्या अर्थाने वापरात असलेली झोपडी तीच.)

कला टिकते म्हणणाऱ्यांशी मात्र भांडायलाच हवं, कारण त्यात अर्धं खरं आहे. वेल्ह्याकडच्या एका म्हाताऱ्याला मी एकदा गोठा शाकारताना पाहिलं. खालून वर जायचं. आधी पाखीपाशी पेंढ्यांची ओळ, मग तिच्यावर निम्मी चढवून दुसरी, अशी आढ्यापर्यंत. खाली उभा नातू पेंढी फेकायचा आणि हा ती हवेतच झेलून, गुडघ्यावर आपटून तिची बुडं एका रेषेत आणायचा. बांधायला सुंभ. गाठ मारताना तो तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. दुपारी भाकरी खायला उतरला तेव्हा मी विचारलं, हे छप्पर किती टिकेल? "दोन पावसाळं. तिसऱ्याला मी हाय का न्हाय ते बघा."

त्याची कला दोन पावसाळ्यांनी जगते. छप्पर नासतं म्हणून त्याला पुन्हा बोलावणं येतं, म्हणून नातवाला झेल शिकवता येतो. लिंपणाचं, सारवणाचं तेच. वारली चित्राचंही मूळ तेच: लग्न निघालं की भिंत नव्याने सारवायची, गेरू द्यायचा आणि तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी चौक लिहायचा. पुढे जिव्या सोमा मशेंनी ते चित्र कागदावर आणि जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर गेलेलं चित्रही जिवंत राहिलं, कारण ते काढणारा हात होता. स्टिकरला हात लागत नाही. प्लास्टिकच्या गवतालाही लागत नाही; म्हाताऱ्याला काम मिळालंच तर उद्घाटनाच्या आधी एकदा, फोटोपुरतं. त्या मॅनेजरला मी विचारलं होतं, तुमच्याकडे शाकारणी कधी असते? तो गोंधळला. "सर, ती ॲक्टिव्हिटी आपल्याकडे नाही. झिपलाइन आहे."

मग करायचं काय? झोपडी बांधूच नये असं मी म्हणत नाही. भाड्याने द्यायची झोपडी खरी असू शकते, आणि तिचा नमुना जवळच आहे. काणकोणात पाळोळेच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या खोपी दर मोसमात उभ्या राहतात आणि पावसाआधी उतरवल्या जातात. किनारपट्टीच्या २०११ च्या अधिसूचनेनेच गोव्यातल्या अशा बांधकामांना सप्टेंबर ते मे एवढंच आयुष्य दिलं. जूनमध्ये तिथे गेलं तर नुसते माड आणि खवळलेला समुद्र. सगळं सोवळं आहे असं नाही, प्लायवूड तिथेही घुसलंय. पण उतरवायचीच आहे म्हटल्यावर ती कोणी आरसीसीत बांधत नाही, आणि ऑक्टोबर आला की सुतार, झाप विणणारे, दोर बांधणारे पुन्हा लागतात. हा काही गोव्याचा शोध नव्हे. कोकणात दिवाळीनंतर खळ्यात मांडव घालतात आणि मिरगाआधी काढतात. त्या मांडवाखाली सुपारी सोलली जाते, लग्नं लागतात, पाहुण्यांच्या पंगती उठतात. कोकणी माणसाला कधी सांगावं लागलं नाही की तो मांडव निसर्गाला धरून आहे.

डोंगरात बारमाही झोपडी हवी असेल तर तीही होते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू भिजवून घेतला तर धुराचं निम्मं काम होतं. २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर आपल्या शेतात लावलेला बांबू कायद्याच्या लेखी झाड उरला नाही, तो तोडायला-न्यायला वनखात्याच्या मागे लागावं लागत नाही. मेहुण्याच्या बांधावर तो आहेच. कारवीच्या काठ्यांसाठी मात्र गावातल्या हक्कदारांनाच गाठायचं, रात्री टेम्पो लावून आणायच्या नाहीत.

तर मेहुण्याला मी सांगितलंय ते असं. तीन नको, एकच बांध. पाखी कमरेपर्यंत उतरव. जून ते सप्टेंबर भाडं बंद. दर दुसऱ्या वर्षी मे महिन्यात छप्पर उतरवून शाकारणी, आणि त्या मजुरीचा आकडा भाड्याच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धर, दुरुस्ती म्हणून नंतर रडत बसू नकोस. त्या चार दिवसांत पाहुणे येणार असतील तर येऊ देत. पेंढ्या फेकायला माणसं लागतातच. म्हातारा आता छपरावर चढत नाही, पण खाली बसून नातवाला शिव्या घालतो असं कळलं. त्या नातवाला आत्ताच गाठ, पुढच्या वर्षी तो पुण्यात डिलिव्हरीला लागला तर सापडणार नाही.

मेहुण्याने सगळं ऐकून घेतलं. एसी लावायला माझी हरकत नाही म्हटल्यावर तो बराच नरमला. फक्त दार साडेसहा फुटी ठेवू म्हणतोय. मी साडेचारवर अडलोय. कालच्या फोनला तो पाच फुटांवर आला, पण चौकटीला वरून उशी लावायची अट घालून.