मुक्कामी ड्युटी

गेल्या रविवारी आमच्या नगरच्या गल्लीत एका घरी मुलगी बघायला पाहुणे आले. मुलगी विमानात हवाई सुंदरीच्या नोकरीला. गल्लीतला चार बुकं शिकलेला म्हणून मलाही बोलावणे होते. चहापोहे झाले आणि मुलाच्या आईने विचारले, "रात्री-अपरात्रीची ड्युटी. उद्या लेकरू झालं, तर घर कोण बघणार?" मुलगी खाली बघू लागली.

वाचकहो, एके काळी हा प्रश्न नोकरीच्या नियमातच निकालात काढलेला होता. एअर इंडियात हवाई सुंदरीने पहिल्या 4 वर्षांत लग्न केले की नोकरी संपे. पहिल्यांदा दिवस गेले तरी संपे. एरवी 35 व्या वर्षी निवृत्ती. विमानात तसेच काम करणारे पुरुष मात्र 58 पर्यंत नोकरीत! नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी भगिनी याविरुद्ध लढल्या. 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाचा नियम रद्द केला. लग्नाची 4 वर्षांची अट मात्र तेव्हा कायम ठेवली.

बाळंतपणाच्या रजेची लढाई तर त्याहून जुनी. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांसाठीच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणात आईला विश्रांती मिळण्यात देशाचे हित आहे, असे त्यांनी सांगितले. 1929 साली कायदा झाला. 2017 साली पहिल्या दोन मुलांसाठीची भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली.

रजा कायद्याने मिळते. पण रजा संपल्यावर लेकराला कोण घेणार, हे घरानेच ठरवायचे असते.

मी त्या माउलीला म्हणालो, "ताई, आमच्या शेजारचे एस.टी. कंडक्टर मुक्कामी गाडी घेऊन जातात. त्यांच्या लग्नात हे कुणी विचारलं होतं का?" ताई हसल्या. मुलगा म्हणाला, "भाकरी येत नाही, पण वरणभात मी करीन."

तेवढ्याने भागत नाही. महिन्याची ड्युटी समजली की तारखा भिंतीवर लिहाव्यात. ती बाहेर असेल त्या दिवशीचा डबा, शाळा, दवाखाना कोणाकडे, हे आधीच ठरवावे. पहाटे दमून आलेल्या सुनेला 'दिवसा झोपते' म्हणू नये. आणि हे सगळे सासूच्या एकटीच्या माथी मारू नये.

2017 च्या ऑक्टोबरात आपल्या जिल्ह्यात काकडीला शिर्डीचे विमानतळ सुरू झाले. आपल्या लेकी आता विमाने खालून बघत नाहीत, त्यात नोकरीचा विचार करतात. तेव्हा पुढच्या वेळी मुलगी बघायला जाल, तेव्हा 'घर कोण बघणार' हे आपल्या मुलाला आधी विचारून जा.