सलगम आणि पायऱ्या

ग्रॅहॅम टेलर म्हटले की फुटबॉलवेड्यांना आठवते ते सलगम. १९९२ साली इंग्लंड स्वीडनकडून हरले आणि तिथल्या एका दैनिकाने या प्रशिक्षकाच्या चेहऱ्याचे चक्क सलगम करून छापले. मला मात्र आठवतो ग्रिम्सबी आणि लिंकनचा साधा बचावपटू. दुखापतीमुळे त्याचा खेळ लवकर सुटला. अठ्ठाविसाव्या वर्षी तो लिंकनचा प्रशिक्षक झाला आणि १९७६ मध्ये त्याने संघाला चौथी श्रेणी जिंकून दिली. पुढच्याच वर्षी त्याने चौथ्या श्रेणीतले वॉटफर्ड हाती घेतले. १९८२ मध्ये तो संघ पहिल्या श्रेणीत पोहोचला, १९८३ मध्ये तिथे दुसरा आला! नंतर इंग्लंडला १९९४ चा विश्वचषक गाठता आला नाही, एवढेच जगाने लक्षात ठेवले. घरोघरी आपण तरी दुसरे काय करतो? शेवटचा निकाल पाहतो. चढलेल्या पायऱ्या कोण मोजतो?