बटण आपलं, दर कोणाचा?

होस्टेलवर राहणाऱ्या माणसाला विजेबद्दल दोनच गोष्टी पक्क्या माहीत असतात. एक, सबमिशनच्या आदल्या रात्री ती हमखास जाते. दोन, रूमवर हीटरची कॉइल सापडली की वॉर्डन ती जप्त करतात. बिल नावाचा कागद आपल्यापर्यंत कधी येतच नाही, तो फीमध्येच विरघळलेला असतो.

पण आपल्यातले कितीतरी जण जीआरई देऊन एम.एस.साठी टेक्सासला जातात. डॅलस किंवा ह्यूस्टनला भाड्याने अपार्टमेंट घेतलं की लगेच प्रश्न येतो, लाइट कोणाकडून घेणार? आपल्याकडे ‘कनेक्शन कधी मिळेल’ असं विचारतात, तिकडे ‘कोणाचं हवं’ असं! मोबाइलचं सिम घ्यावं तशी वीज घ्यायची. ऐकायला मस्त वाटतं ना? माझं म्हणणं एवढंच, की ही निवड वाटते तितकी सोपी नाही आणि तितकी खरीही नाही.

आधी सिस्टिम समजून घेऊ. टेक्सासने १९९९ साली कायदा केला आणि १ जानेवारी २००२ पासून राज्याच्या मोठ्या भागात विजेची किरकोळ विक्री खुली झाली. वीज बनवणारे वेगळे, तारा आणि मीटर सांभाळणारे वेगळे, विकणारे वेगळे. तारांच्या कंपनीत मात्र चॉइस नाही. डॅलसला ऑनकॉर, ह्यूस्टनला सेंटरपॉइंट. म्हणजे विकणारा कोणीही निवडा, सॉकेटमध्ये येणारा करंट तोच! लाइट गेली तर फोनही तारांच्या कंपनीलाच करायचा. आणि ऑस्टिन किंवा सॅन अँटोनिओला राहायला गेलात तर चॉइसच नाही, तिथे वीज शहराच्या मालकीच्या संस्थेची.

कनेक्शन घेणं तसं सोपं आहे. पत्ता आणि तारीख द्यायची, प्लॅन निवडायचा. पण कंपनी आधी तुमची क्रेडिट हिस्टरी बघते. नुकत्याच विमानातून उतरलेल्या पोराकडे ती कुठून असणार? मग डिपॉझिट भरा, नाहीतर प्रीपेड घ्या. मुदतीचा प्लॅन मधेच सोडला तर दंड (घर बदलत असाल आणि तसा पुरावा दिलात तर नाही). मुदत संपल्यावर झोपून राहिलात तर महिन्या-महिन्याच्या प्लॅनवर ढकलतात, आणि तो बहुतेक वेळा महाग असतो.

आता खरी गंमत. प्रत्येक प्लॅनबरोबर एक लेबल द्यावं लागतं. त्यावर महिन्याला ५००, १००० आणि २००० युनिट वापरले तर सरासरी दर किती पडेल ते छापलेलं असतं. सरकारी वेबसाइटवर दरांची तुलनाही करता येते. मग कंपन्या काय करतात? समजा दर युनिटला १६ सेंट आहे आणि १००० युनिट पूर्ण झाले की ६० डॉलरची सूट. म्हणजे १००० युनिटला बिल १०० डॉलर, दर दिसतो १० सेंट! पण ९९० युनिट वापरले तर बिल १५८ डॉलर ४० सेंट. वीज वाचवली म्हणून ५८ डॉलर जास्त! छोट्या फ्लॅटमध्ये काटकसरीने राहणारी आपली मुलं १००० पर्यंत पोचणारच नाहीत, त्यांना १६ सेंटच पडणार. याला मी स्पर्धा म्हणणार नाही, ही हातचलाखी आहे.

याहून मोठा धडा फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाला. टेक्सासमध्ये भयंकर थंडी पडली, गॅसचा पुरवठा आणि वीजकेंद्रं गोठली, लाखो घरं अंधारात गेली. सरकारी आकड्यानुसार २४६ माणसं दगावली. घाऊक बाजारात दर युनिटला ९ डॉलरवर गेला. ग्रिडी नावाची कंपनी ग्राहकांना थेट घाऊक दराने वीज द्यायची. एरवी स्वस्त! पण त्या दिवसांत दीड किलोवॅटचा हीटर तासभर लावला तरी साडेतेरा डॉलर, म्हणजे जवळजवळ हजार रुपये. लोकांना हजारो डॉलरची बिलं आली. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी घरगुती ग्राहकांना असे प्लॅन विकायला कायद्याने बंदी आली. शहाणपण आलं, पण बिलं आल्यावर!

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? मुंबईच्या उपनगरांत २००९ पासून एका कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेता येते. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत आलेल्या विधेयकात एकाच जाळ्यावरून अनेक वितरकांना वीज विकू देण्याची तरतूद होती. ते पास झालं नाही, पण हा विषय पुन्हा येणारच.

म्हणून एकाच कंपनीची मक्तेदारी बरी, असं मी म्हणत नाही. तासन् तास लाइट जाते आणि फोन कोणी उचलत नाही, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. निवड हवीच. पण विकणाऱ्या प्रत्येकाने निदान एक प्लॅन असा द्यावा, की युनिटचा दर एक आणि त्यात अटी शून्य. घाऊक बाजाराचा धोका कंपनीने पेलावा, तो घरच्या मीटरवर टाकू नये. आणि दरपत्रक आपल्या आजीला कळेल अशा मराठीत असावं.

आणि हो, टेक्सासला जाणाऱ्यांनो, लेबलवर १००० चा नाही, ५०० युनिटचा दर आधी बघा!