तारीख मिळेपर्यंत

आपल्या उमेळे गावात कुणाच्या घरी कॅन्सर निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘टाटाला दाखवलं का?’ फाईल निघाली, तपासण्या झाल्या की दुसरा, ‘ऑपरेशनची तारीख मिळाली का?’ या दुसऱ्या प्रश्नाला अनेक घरांकडे आठवडेच्या आठवडे उत्तर नसते. सणाच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. ज्यांच्या घरातल्या माणसाला यंदा करंजीचा तुकडाही गिळता येत नाही, ते म्हणणार नाहीत.

परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. साऱ्या देशातून तिथे रुग्ण येतात. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभागातली खाट, सारे एकाच दिवशी जुळावे लागते. २०२०च्या टाळेबंदीतही पहिल्या पाच-सहा आठवड्यांत या रुग्णालयाने जवळपास पाचशे मोठ्या शस्त्रक्रिया केल्या, हे विसरता येत नाही. तरीही रांग आहेच, आणि रांगेची किंमत मोजली गेली आहे. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासानुसार शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका सुमारे सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. ही सरासरी आहे, कुणा एकाचे भविष्य नव्हे. काहींना डॉक्टर आधी केमो देतात, तो तर उपचारच असतो, खोळंबा नव्हे.

पण खोळंब्यात दुखणे वाढते, तेव्हा आपण काय सांगतो? ‘तारीख येईपर्यंत कळ काढ.’ हा सल्ला आपण थांबवायला हवा. रक्तस्राव, श्वास लागणे, पाणीही गिळता न येणे, पोट फुगून शौचाला न होणे, यांतले काहीही झाले तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. वेदना वाढली, वजन उतरू लागले, तर तेही डॉक्टरांना कळवायचे आणि फाईलवर लिहून घ्यायचे. लक्षणे बदलली की तारखेचा फेरविचार होऊ शकतो. वेदनाशमन विभाग म्हणजे शेवटचा मुक्काम, हा समज किती माणसांना विनाकारण तळमळत ठेवतो! शस्त्रक्रियेच्या आधीही तिथे जाता येते, मॉर्फिनची गोळीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येते.

मधल्या दिवसांत करण्यासारखेही बरेच असते. तंबाखू-मशेरी आजपासून बंद. साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन ताब्यात, नाहीतर हाती आलेली तारीख भुलीच्या तपासणीत हुकते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टरांनी सांगितलेले जबडा उघडण्याचे व्यायाम रोज करायचे. मऊ भात, अंडे, बिनतिखट मासळीचे कालवण, जे उतरेल ते थोडे थोडे, पण दिवसातून अनेकदा.

बाकीचे आपल्याकडे. आजारी बाईने गळ्याला ओढणी गुंडाळून नायगावहून सकाळच्या लोकलमध्ये दादरपर्यंत उभे राहून जावे, हे गावात गाड्या असताना होता कामा नये. शेजाऱ्यांनी ‘तारीख मिळाली का?’ ऐवजी ‘परवा मी सोबत येऊ का?’ असे विचारावे.

आणि एक मागणी. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. कॅन्सरच्या मोठ्या शस्त्रक्रिया या जिल्ह्यातच, सरकारी खर्चाने व्हायला हव्यात. आपल्याला परळ निदान एका लोकलच्या अंतरावर आहे; याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या रुग्णाला आधी रेल्वे स्टेशनच गाठावे लागते.