काजळी जाळायला लोणावळा

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री जेवताना नवऱ्याने मोबाईल ताटाशेजारी ठेवला आणि स्क्रीन हळूच माझ्याकडे वळवली. आमच्याकडे जेवताना मोबाईलला सक्त बंदी आहे, त्यामुळे मामला सीरियस होता. फोटोत एक पांढरीशुभ्र एसयूव्ही. जर्मन! बॉनेटवर असं बोधचिन्ह की सोसायटीचा वॉचमन खुर्चीतून उठून सलाम ठोकेल.

‘‘पाच वर्षं जुनी, सिंगल ओनर, डिझेल. फक्त १८ हजार किलोमीटर झालेत. आणि किंमत ऐक...’’

किंमत ऐकली. १९ लाख. नव्या साध्या एसयूव्हीचं टॉप मॉडेल घ्यायला गेलं तर एवढेच जातात हो! त्यात ही तर चक्क लक्झरी. आता भानगड एवढीच, की फ्लॅटच्या बुकिंगसाठी आम्ही चार वर्षं पै पै साठवलंय आणि त्यातलं बरंचसं या पांढऱ्या सुंदरीच्या पायाशी जाणार होतं. माझं उत्पन्न म्हणजे ‘मॅडम, चेक पुढच्या आठवड्यात’. टोकन द्यायला रविवारपर्यंतची मुदत होती. मी म्हटलं, ‘‘थांब. आधी ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारू.’’

आपल्या पिढीला या गाड्यांचं वेड लागायला कारणही आहे. पूर्वी ‘इंपोर्टेड’ गाडी म्हणजे बिल्डर किंवा फिल्मस्टार. मग २०१० मध्ये बीएमडब्ल्यूची एक्स-१ भारतात आली, २०१२ मध्ये ऑडीची क्यू-३, २०१४ मध्ये मर्सिडीजची जीएलए, २०१८ मध्ये व्होल्वोची एक्ससी-४०. आकार आटोपशीर, दिमाख मोठ्या गाड्यांचा. ईएमआयची दोरी जरा ताणली की हात पोचतो, असं वाटायला लागलं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस गेला आणि सरसकट ४० टक्के जीएसटी झाला. आधी जीएसटी आणि सेस मिळून अशा गाड्यांवर ५० टक्क्यांपर्यंत कर बसायचा. नव्या स्वस्त झाल्या म्हटल्यावर जुन्यांचे भावही नरमले, हा नवऱ्याचा लाडका मुद्दा. ‘‘हीच वेळ आहे!’’ तो दिवसातून तीनदा म्हणत होता.

पहिला फोन माझ्या अॅड एजन्सीतल्या मैत्रिणीला. ती गाडीच्या प्रेमात आकंठ बुडालेली आहे. दार बंद होताना येणारा तो जाडसर ‘धप्प’ आवाज ऐकायला म्हणे ती कधीकधी उगीच दार उघडते! तिच्या आईला घाट लागतो, पिशवी हातात धरूनच बसायच्या. या गाडीत त्या वरंधा घाटात घोरत होत्या. ‘‘तेवढ्यासाठी सगळे पैसे वसूल,’’ ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, ‘‘कुंभार्ली सोडून.’’

कुंभार्लीची गोष्ट अशी. गुहागरला निघाली होती सगळी. घाटात टायर गेला. या गाड्यांपैकी काहींना रन-फ्लॅट टायर असतात, म्हणजे हवा गेली तरी बाजूची भिंत इतकी कडक की ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर तशीच चालवता येते. तिच्याही गाडीला तेच होते. म्हणूनच डिकीत स्टेपनी नाही! गाडी चिपळूणपर्यंत गेली, मस्त गेली. पण चिपळूणमध्ये त्या मापाचा टायर कुणाकडेच नाही. पंक्चरवाल्याने टायरभोवती एक फेरी मारली, कपाळावर हात नेला आणि सगळ्यांना चहा पाजला. शेवटी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून टायर आला. समुद्र दुसऱ्या दिवशी दुपारी दिसला.

दुसरा एक ओळखीचा सीए. त्याची तक्रार एकच, गणपतीची वर्गणी. मुलं पावतीपुस्तक घेऊन आली की आधी पार्किंगमध्ये नजर टाकतात, मग आकडा सांगतात. पण सीए तो सीएच, त्याने मला एक हिशेबही सांगितला. विम्याच्या तक्त्यात पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरतात. ‘‘तू घेशीलही निम्म्या किमतीत. पण बंपर फुटला, तर त्या बंपरला ठाऊक नसतं की गाडी जुनी झालीय. तो नव्याच्याच भावात येतो.’’

आता तिसरा. माझा कॉलेजमधला मित्र, औंधला राहतो, ऑफिस बाणेरला. जेमतेम पाच किलोमीटर. डिझेल गाडी, नवीकोरी घेतली आणि सहा महिन्यांत डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, ‘‘सर, गाडीला जरा हायवे दाखवत जा.’’ याला वाटलं, थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात एक फिल्टर असतो, तो काजळी अडवतो. भरला की गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी आतलं तापमान ६०० डिग्रीच्या आसपास जावं लागतं. म्हणजे पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळणं आलं. औंध ते बाणेर सिग्नल मोजत जाणाऱ्या गाडीला ते कुठून जमणार? दुर्लक्ष केलं तर फिल्टर तुंबतो, आणि बदलायचा म्हटलं तर आकडा लाखाच्या पुढे. झालं! तेव्हापासून एक रविवार सोडून एक, हा पठ्ठ्या पहाटे गाडी काढतो आणि एक्स्प्रेस वेवर नेतो. लोक कुत्रा फिरवतात तशी हा गाडी फिरवतो, असं आम्ही त्याला चिडवायचो.

या फेऱ्यांना त्याचे बाबा सोबत असतात, हे मला माहीत नव्हतं. काका एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झाले. आयुष्यभर इंजिनात हात घातलेला माणूस. मुलाची गाडी आली त्या दिवशी त्यांनी हौसेने बॉनेट उघडलं, तर आत नुसतं काळं प्लास्टिकचं झाकण. ‘‘ऑइल बघायची पट्टी कुठाय रे?’’ पट्टी नव्हतीच. ऑइल स्क्रीनवर बघायचं. काका काही बोलले नाहीत, बॉनेट लावलं आणि वर गेले. नंतर बरेच दिवस त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. मित्राला ते फार लागलं होतं. कुणाला दाखवायला घेतली होती गाडी, तर त्यांनाच.

दिवा लागला तेव्हा मात्र त्यांनीच विचारलं, ‘‘काय म्हणतेय?’’ मुलाने काजळीचं सांगितलं. काजळी म्हटल्यावर काका सावरून बसले. ती तर त्यांची जुनी ओळखीची!

आता एक्स्प्रेस वेवर काका खिडकीची काच दोन बोटं खाली करून बसतात. काजळी जळत असताना स्क्रीनवर काही दिसत नाही, पण इंजिनाचा आवाज किंचित बदलतो, गाडी उभी केली तर आयडलिंग जरा वर असतं, पंखा जोरात फिरतो. हे काकांना कानाने कळतं. मध्येच बंद केली तर काम अर्धवट राहतं. त्यामुळे लोणावळ्याच्या फाट्याशी मित्र ब्लिंकर द्यायला लागला की ते म्हणतात, ‘‘थांबू नको, अजून जळतंय.’’ मग गाडी पुढे जाते. झाल्यावर वडापाव. मित्र म्हणाला, ‘‘गेल्या दहा वर्षांत आम्ही दोघं जेवढं बोललो नसू, तेवढं या फिल्टरमुळे बोललोय.’’

मी त्याला आमच्या पांढऱ्या सुंदरीबद्दल सांगितलं. शनिवारी तो काकांनाच घेऊन आला. विकणाऱ्याकडचा मुलगा पाठ केल्यासारखं सांगत होता, सनरूफ, अँबियंट लाइट, मेमरी सीट. काकांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘किती चाललीय?’’

‘‘फक्त १८ हजार, काका!’’ नवराच अभिमानाने म्हणाला. जणू त्यानेच जपून चालवली होती.

‘‘पाच वर्षांत?’’ काकांनी मनातल्या मनात भागाकार केला. ‘‘दिवसाला दहा किलोमीटर. म्हणजे शाळा, भाजी आणि ऑफिस. हिने हायवे बघितलाय की नाही?’’

मुलगा गप्प. काकांनी गाडी चालू करायला सांगितली, मागे जाऊन उकिडवे बसले, ऐकत राहिले. मग रुमालाने हात पुसत म्हणाले, ‘‘फिल्टरचा रिपोर्ट काढून द्या म्हणावं. सर्व्हिस सेंटरचा, छापील.’’ मुलगा म्हणाला, सोमवारी बघू. टोकन मात्र रविवारच्या आत हवं होतं.

घरी येताना रिक्षात नवरा बराच वेळ काही बोलला नाही. कर्वे रोडच्या सिग्नलला म्हणाला, ‘‘आपलंही ऑफिस सहाच किलोमीटरवर आहे, नाही?’’ मी फक्त मान हलवली. अशा वेळी बायकोने जास्त बोलू नये, हा माझा फंडा आहे.

टोकन दिलं नाही. सोमवारीही रिपोर्ट आला नाही, आम्हीही फोन केला नाही. पैसे अजून बँकेतच आहेत आणि आता वाकडला एक टू-बीएचके बघितलाय, पार्किंग एकच मिळतंय.

आणि हो, परवा रात्री मित्राचा मेसेज आला होता. ‘उद्या पहाटे सहाला निघतोय. मागच्या दोन सीट रिकाम्या आहेत. बाबा विचारतायत, येताय का?’ नवऱ्याने माझ्या आधी रिप्लाय केला.